पाय उचलण्याची विद्या

विचारतेस म्हणून सांगते, फेमके.
आधी हेल्मेट काढ, कान लाल झालेत तुझे.

सुरुवात इथेच, गेंकच्या ह्याच ट्रॅकवर.
तिसऱ्या वळणाला पाणी तेव्हाही साचायचं.
मी आठ वर्षांची, पाठीमागे उशी कोंबलेली,
कार्ट दुसऱ्याच कुणाच्या मुलाची, त्याला नकोशी झालेली.
बाबा मोटारींच्या कारखान्यात दारं बसवायचे,
पाळीला चारशे दारं,
आमचं स्वयंपाकघराचं दार मात्र वर्षभर करकरत होतं.
ते त्या कुंपणाशी उभे राहून एकच ओरडायचे:
पाय उचलू नकोस!
नाही उचलला.
दोनदा टायरच्या भिंतीत गेले,
तिसऱ्यांदा हासळीचं हाड मोडलं.

मग कारखाना बंद झाला. डिसेंबर होता.
भरपाई आली ती आईनं टेबलावर दोन ढिगांत मांडली,
एक घराचा, एक माझा.
फॉर्म्युला फोरचा पहिला मोसम माझा ढीग खाऊन गेला.
दुसऱ्या मोसमासाठी आईनं पहिल्या ढिगाला हात लावला.
त्याबद्दल आमच्याकडे अजून कुणी बोलत नाही.

तिसरा मोसम नव्हताच.
एकोणिसाव्या वर्षी मी कालव्याकाठच्या गोदामात
बिअरचे क्रेट उचलणारी फोर्कलिफ्ट चालवत होते.
हसू नकोस. विजेवरची माझी पहिली गाडी ती.

पुढे सिम्युलेटरचं काम मिळालं, जर्मनीत,
खिडकी नसलेल्या खोलीत, बहुतेक रात्रीचं,
कारण शर्यत कुठेतरी दुसऱ्या खंडात उजाडलेली असायची.
चार वर्षं. जकार्तातल्या रस्त्याची
गटाराची झाकणंसुद्धा मला पाठ होती,
तिथल्या हवेला वास कसला, ते आजही ठाऊक नाही.
मी रात्री शोधलेलं सकाळी दुसरा कुणी चालवायचा.
आणि कानात व्हीबके, माझी इंजिनिअर:
पाय उचल.
आत्ता नाही, आधी. त्याच्याही आधी.
वळण दीडशे मीटरवर असताना पेडल सोडायचं,
गाडी नुसती घरंगळू द्यायची,
ब्रेकमधून सांडलेली वीज वेचून परत आत भरायची.
कोंड्याचा मांडा, दुसरं काय!
बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले,
ही शर्यत आहे की किराणा?

समजलं ते आजोबांना.
आब्रुत्सीहून कोळसा खणायला आलेला माणूस,
छातीत अजून विंटरस्लाखची धूळ,
नाकात नळी, उशाशी यंत्र, यंत्रावर हिरवा आकडा.
मी माझ्या बॅटरीचा आकडा सांगायचे, ते त्यांचा.
एकदा, मधे दोनदा थांबून, म्हणाले:
खाली जो धावायचा ना, त्याचा दिवा आधी विझायचा.
मी ते व्हीबकेला सांगितलं. तिनं लिहून घेतलं.

आजोबा मार्चमध्ये गेले.
मे महिन्यात आमच्या ड्रायव्हरचं मनगट मोडलं,
सायकलवरून पडून, भाजी आणताना,
आणि शुक्रवारी दुपारी मला त्याच्या मापाची सीट मिळाली.
पुन्हा मागे उशी.

बर्लिन. जुन्या विमानतळाचं काँक्रीट टायर किसतं.
बाविसावी सुरू केली. कुणी मागे टाकलं, टाकू दिलं.
विजेच्या गाड्या मुक्या असतात म्हणतात, खोटं आहे,
दाताच्या डॉक्टरकडच्या यंत्रासारख्या केकाटतात.
शेवटच्या फेरीत दोन टक्के.
पुढच्या तिघांच्या गाड्या वळणातच गळपटल्या
आणि मी त्यांच्या बाजूनं, पाय वर घेऊन,
उतारावरून पाणी जावं तशी गेले.
अकरावी. गुण दहाव्यापर्यंतच देतात.

रात्री बाबा पार्किंगमध्ये भेटले, घसा बसलेला.
"ऐकू आलं का तुला, मी काय ओरडत होतो?"
मी म्हटलं, आलं.

आता करार आहे, दोन वर्षांचा. पुढचं विचारू नकोस.
आईच्या ढिगाचं अजून काहीच फिटलेलं नाही.
तो बघ, कुंपणाशी टोपीवाला म्हातारा,
आता कुणाच्याही पोरांवर ओरडतो.

जा, तुझा नंबर पुकारला.
तिसऱ्या वळणाला पाणी आहे.