ब्रीदर

टेका नाक्यावर इद्रीसभाईच्या खड्ड्यावर
तीन वेळा चढली बाबांची लँडमास्टर.
पिनियनचं सील तिन्ही वेळा नवं,
तरी सकाळी फरशीवर तोच काळा रुपया.
"सील ओरिजिनल हाये, भाऊ," म्हणाला,
अन् बिडी न पेटवताच कानामागे खोचली.

चौथ्यांदा त्यानं पाना उचललाच नाही.
नुसता हात फिरवत राहिला ॲक्सलच्या पाठीवर,
बैलाची गोचीड शोधावी तसा.
बोराएवढी टोपी लागली बोटाला,
वर माझ्याच हातचा रंग.
बाबा गेले त्या वर्षी
मी दिसेल ते रंगवत सुटलो होतो.

दाभणानं टोचलं.
फुस्स.

"गरम झाली का हवा जागा शोधते.
कुठून तरी तं निघनच न."

दाभणाचे दहा रुपये घेतले.
चहाचे त्यानंच दिले.