साग्रसंगीत

नव्या पेठेतल्या अभ्यासिकेत माझं टेबल त्रेचाळीस,
भिंतीकडचं, पंख्याचा वारा न लागणारं.
आजूबाजूला सगळे राज्यसेवेचे, पीएसआयचे,
ओठांनी कलमं चघळणारे.
मी एकटी गुडघा घेऊन बसलेली.
प्लास्टिकचा. डावा. पुढची दोरी सैल.
पहिल्या दिवशी वॉचमन म्हणाला,
मॅडम, हे आत चालतं का, विचारून घ्या.

परीक्षा सतरा दिवसांवर.
उगम: मांडीच्या हाडाच्या
बाहेरच्या गोळ्याची आतली भिंत.
हे मी तीनदा उलटं लिहिलंय.
बाहेरच्याची आतली, बाहेरच्याची आतली,
पेठेतला पत्ता सांगावा तसं:
मारुतीच्या मागे, पण बोळाच्या अलीकडे.

पदर दोन.
गुडघा वाकला की एक ताणतो,
सरळ झाला की दुसरा.

खाली, नडगीच्या आतल्या अंगाला
तीन कंडरा एकत्र उतरतात, बदकाच्या पायासारख्या.
इंग्रजीत त्यांच्यासाठी एक वाक्य आहे, चहाआधीच्या प्रार्थनेचं.
ते माझ्या डोक्यात कधी टिकलं नाही.
मी माझं केलं:
सार्टोरियस, ग्रॅसिलिस, सेमिटेंडिनोसस.
सा, ग्र, सें. साग्रसंगीत.
त्यातला पहिला शिंप्याचा.
तो मी पुस्तकाच्या आधी पाहिला होता,
भवानी पेठेतल्या दुकानात,
मांडी घालून काजं करणाऱ्या अप्पांच्या पायजम्याखाली.

उरलेले दोन काढून घेता येतात.
दुमडून चौपदरी करायचे, टोकं शिवायची,
आठ मिलिमीटरहून बारीक नको.
शिवण मला लवकर जमली.
सरांना वाटलं, हात चांगला आहे.
मी काही बोलले नाही.

टेबल चव्वेचाळीस: हनुमंत येडगे, दहिवडीकडचा.
अकराच्या चहाला म्हणाला,
ते हाड आहे ना तुमच्याकडं, त्याचं जरा विचारायचं होतं.
लांब उडीचा सराव, नदीपात्रात.
टेकताना काड् आवाज.
तासाभरात गुडघा कलिंगडाएवढा.
आता सूज नाही, दुखतही नाही,
फक्त जिना उतरताना
आतलं कुणीतरी हात सोडतं.

गच्चीवर, वाळत घातलेल्या बनियनांमध्ये
त्याला पाण्याच्या टाकीला टेकून बसवला.
वीस अंश, थोडं जास्त.
एका हाताने मांडी धरली, दुसऱ्याने नडगी ओढली.
आली. येत राहिली.
दार पूर्ण मिटतं आणि कडी लागत नाही, तशी.
दुसरा पाय ओढून पाहिला.
तिथे कडी लागली.

चाचणी नोव्हेंबरात आहे, तो म्हणाला.
वयात बसतंय हे शेवटचं.

उत्तर मला येत होतं.
सरावाच्या पेपरात एका गुणाला होतं ते,
ऑपरेशननंतर मैदानावर परत कधी,
पर्याय क.
नऊ महिने, मी म्हणाले, निदान.
त्याने पेरांवर मोजलं.
तीन बोटं भरली.
मग चौथं बोट उगाच दाबत राहिला.

पट्टा बांधून?
सरळ पळशील कदाचित, म्हटलं. उडी नाही.
बरं, म्हणाला. मग: चहाचे मी देतो.

एमआरआय कुठे, कुणाला भेटायचं,
सगळं चिठ्ठीवर लिहून दिलं.
फक्त बाजू लिहायला विसरले.
उजवा.
तोंडीला पहिला प्रश्न हाच असतो
आणि मी कधीच चुकत नाही.

त्या रात्री प्लास्टिकचा गुडघा
त्याच्या टेबलावर राहिला.
सकाळी आले तर माझ्या जागेवर, नीट उभा,
आणि सैल दोरीच्या जागी
नोट्सच्या गठ्ठ्याचं लाल रबर,
दोन वेढे देऊन, घट्ट.

जागा चुकलेली होती.
बाहेरच्याची बाहेरली.
मी ते काढलं नाही.
शेजारी येडगे उजवा पाय खुर्चीवर लांब करून
मागून पुढे कलमं म्हणत होता.