परतीची गाडी

फाट्यावरच्या निवाऱ्याला छप्पर आहे, बाक नाही.
बाक कुठे गेला ते सगळ्यांना ठाऊक:
देवरावच्या पानठेल्यापुढे त्यावर गिऱ्हाईक बसतं.

सर्वेवाली पोरगी टॅबवरून विचारत होती,
तुमच्या घरचे सार्वजनिक वाहन का वापरत नाहीत?
भाडे. वेळ. गर्दी. इतर.
एकाच ठिकाणी खूण.

म्हटलं, मी त येष्टीनंच येते बाई, अर्ध्या तिकिटात.
येत नाही तो माहा माणूस.
लग्नात मिळालेली फटफटी तो रोज पुसतो,
बैल कधी एवढा धुतला नाही.
पानठेल्यापर्यंत जायचं तरी किक.
बाजारात मी वांगी निवडते,
तो गाडी चालू ठेवून हॉर्न वाजवत राहतो.

एस्टीत मला कुणी हॉर्न देत नाही.
खिडकीशी बसते, पायाशी पिशवी,
पंचफुलाच्या सुनेची खबर कळते,
आणि नाला येईपर्यंत
मी कुणाचीच नसते.

हे कशात बसवावं, पोरीला कळेना.
‘इतर’मध्ये टाकते, म्हणाली.

मग हेही टाक. जायची फिकीर नाही,
सकाळची खडखडत का होईना, येते.
परतीची सहाची मात्र
कधी दारव्ह्यातच अडते,
कधी शाळेला सुट्टी म्हणून सुटतच नाही,
कधी ड्रायव्हर न थांबता
हात बाहेर काढून दाखवतो: मागून येते.
मागून अंधार येतो.
गेल्या पौषात तीन तास इथे उभी होते.
घरी गेले तर हा काही बोलला नाही,
फटफटीची चावी फक्त
वाजेल अशी खुंटीला अडकवली.

पोरगी लिहीत होती की नाही, देव जाणे.
टॅब विझला होता.
‘ताई,’ तिनं हळूच विचारलं,
‘दिग्रसला आता गाडी किती वाजता?’

मला हसू आलं. मग तिलाही.

पावणेसातला रज्जाकभाईची काळीपिवळी आली,
मागचं दार दोरीनं बांधलेलं,
आत तेरा माणसं, तुरीचं पोतं, एक गप्प बकरी.
‘सरका बाप्पा, बोटभर.’
बोट बोट करत सगळे सरकले.
पोरगी अर्धी माझ्या मांडीवर, टॅब उराशी.

नाल्याच्या वळणावर समोरून एकटा दिवा आला.
आवाज ओळखीचा.
रज्जाकभाईनं वेग कमी केला, आरशातून माझ्याकडे पाहिलं.
मी खिडकीतून हात बाहेर काढला
आणि दाखवलं:
मागून येते.