मालकाचे नाव

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
खाली पत्रा कापायचं वर्कशॉप, वर आमची लॅब:
प्राण्यांचं रक्त, लघवी, शेंबूड, खरवड.
खालचं मशीन सुरू झालं
की इनक्युबेटरचं दार थरथरतं,
मी तळहात टेकवून धरते.

शुक्रवारी एक स्वॅब आला कोलशेतहून.
कुत्री, देशी, अंदाजे तीन वर्षं. नाव खारी.
तक्रार: नऊ दिवस खोकला,
घशात हाड अडकल्यागत.
हे अक्षर डॉक्टरांचं नव्हे.
मालकाच्या रकान्यात आधी लिहिलंय, कोणी नाही.
मग ते खोडून
गोरक्ष वाघचौरे, रात्रपाळी, गेट नंबर दोन.

मी कुत्री ओळखते ती एवढीच,
कापसाच्या बोंडाएवढी.
शेपटी अजून एकाचीही पाहिली नाही.

लूप ज्योतीत लाल केला, गार होऊ दिला.
घाई केली तर जंतू जळतो
आणि आपण लिहितो, नव्हताच.
दोन प्लेटांवर रेघा ओढल्या,
शेवटची जरा निसटती.

चोवीस तास. काही नाही.
म्हणजे अगदीच नाही असं नाही,
घशातले जुने भाडेकरू होते,
रक्ताच्या प्लेटवर ऐसपैस पसरलेले.
हर्डीकर मॅडम म्हणाल्या, नॉर्मल लिहून टाक, उद्या रविवार.
मी म्हटलं, हा सावकाश उगवतो, एक दिवस थांबू या.
हा म्हणजे कोण? त्यांनी विचारलं.
आधीच ठरवलंयस का तू?
मी प्लेटा परत आत ठेवल्या.

रविवारी कुलूप उघडून आले.
वर्कशॉप बंद, दार गप्प.
प्लेट खिडकीशी तिरकी धरली
तर भाडेकरूंच्या मधल्या बोळात
खसखशीहून बारीक काही चमकत होतं.
दुसऱ्या प्लेटवर तेच, एकटं, स्वच्छ.
काचेवर रंगवलं: गुलाबी, आखूड,
धड काडी नाही, धड गोळी नाही.
ऑक्सिडेजची पट्टी जांभळी.
युरियाच्या नळीत थोडं टोचलं
आणि डबा उघडला. भेंडी, दोन पोळ्या.
हात धुऊन आले तर
पिवळट नळीला जास्वंदीचा रंग चढलेला.

बोर्डेटेला! मी मोठ्यानं म्हटलं,
रिकाम्या खोलीत, जिंकल्यासारखं.
मग ओशाळले.
कोलशेतला कुणीतरी
अजून खोकत होतं.

सोमवारी चकत्यांभोवतीची वर्तुळं मोजली.
डॉक्सीभोवती ऐसपैस अंगण.
आठवडाभर तिला जी गोळी चारली होती
तिच्या पार उंबऱ्यापर्यंत जंतू वाढलेला.
सगळं मिलिमीटरमध्ये लिहिलं. सही केली.

बुधवारी रात्री फोन.
मॅडम, रिपोर्टवर मालक म्हणून माझं नाव छापलंय.
चुकलं का?
नाही. नुसतं बघत होतो.
बिस्किटात घालून देतो गोळी, खारीच लागते तिला,
पाव दिला तर गोळी तेवढी बाजूला काढते.

तेवढ्यात पलीकडे खोकला. कोरडा, लांबलेला.
अजून खोकतेय? मी विचारलं.
ती झोपलीय. हा माझा.
ट्रक येतात ना, धूळ असते.
किती दिवस?
तो हिशेब करू लागला
आणि मध्येच हसला.

सिव्हिलला जाऊन या, मी म्हटलं.
आमच्या फॉर्मवर जातीचा रकाना आहे, वयाचा आहे,
माणसाचा नाही.

जातो की, तो म्हणाला.
आठला ड्युटी सुटते, तेव्हा तिची गोळी असते.
ती गिळेपर्यंत थांबावं लागतं.