दीड सिग्मा

गॉलवेच्या कारखान्यात रात्रपाळी संपत आलेली.
सोर्खा कोष्टकावर बोट ठेवते:
चार सिग्मा, म्हणजे
दहा लाखांत सदोष ६३.
सहा आणि तीन एकमेकांकडे तोंड करून,
सगळं गोडीगुलाबीत.

शेजारच्या रकान्यातही चारच,
पण प्रक्रिया दीड सिग्मा घसरणार
हे धरून:
६२१०.

यंत्र तेच. हृदयाच्या नळीत शिरणारे
तांदळाएवढे फुगे तेच.
"पहिलाच पाठव," लोर्कन कोट चढवत म्हणतो,
"खोटा थोडाच आहे?"
नाहीच.

ती ट्रेमधला एक फुगा पाण्यात धरते,
हवा भरते.
बराच वेळ काही नाही.
मग सांध्यापाशी मोहरीएवढा बुडबुडा,
सुटू की नको करत
सुटतो.

बोट उजवीकडे सरकतं.