एक ग्रोस बटणं

यीवूच्या बाजारात, तिसऱ्या मजल्यावर
जिन शुयुनचं दुकान: अडीच खण, नुसती बटणं.
शिंगाची, लाकडाची, करवंटीची,
आणि बहुतेक सगळी प्लास्टिकची,
शिंपल्याचा आव आणणारी.

मोठ्या भाषांच्या यादीत
तिच्या नावावर लिहिलेली भाषा पहिल्या दोनांत.
शंभर कोटींच्या पुढे जाणाऱ्या त्या शिरगणतीत
शुयुनचीही एक उभी रेघ आहे.
रेघ तिने ओढलेली नाही.
सातव्या वर्षी शाळेत बाकावर उभं करून
घोटून घेतलेली ती भाषा;
अजूनही खरा राग आला
की तीत शब्द सुचत नाहीत.

झुमाना साकिलिबा बामाकोहून येतो, वर्षातून दोनदा,
मावसभावाच्या शिवणकामाचा माल न्यायला.
त्याची इंग्रजी चाळीस शब्दांची.
हाउ मच. टू मच. लास्ट प्राइस. माय फ्रेंड.
फ्रेंच जरा बरी, पण इथे ती खिशातच राहते
परक्या देशाच्या चिल्लरीसारखी.
ते चाळीस शब्दही
दीडशे कोटींत धरलेत, बरं का.
मोजणाऱ्याने विचारलं नाही
की बाबा, या भाषेत तू कधी झोपेत बरळलास का.

दोघांच्या मध्ये कॅल्क्युलेटर.
ती आकडा दाबते, तो डोळे मोठे करतो,
पुसतो, स्वतःचा दाबतो, ती कपाळाला हात लावते.
जगात सर्वांत जास्त बोलली जाणारी भाषा
बहुधा हीच:
दहा कळा, व्याकरण शून्य,
विरामचिन्हं समोरच्याच्या चेहऱ्यावर.

त्या दिवशी वाजलं ते एका पाकिटावरून.
वर छापलेलं, एक ग्रोस.
तो म्हणे कमी आहेत, ती म्हणे यंत्र मोजतं,
यंत्र कशाला खोटं बोलेल,
आणि दोघांनाही एकमेकांचं अवाक्षर कळलं नाही
तरी भांडण मुळीच अडलं नाही.

शेवटी तिने पाकीट फळीवर पालथं केलं
आणि बोटाने एकेक बटण सरकवू लागली त्याच्याकडे,
मोजत,
आईच्या बोलीत,
टेकडीपलीकडच्या गावालाही धड न कळणाऱ्या.
आधी नुसते ओठ. मग नकळत आवाज.
तोही, बटण हाताशी आलं की:
केलेन, फिला, साबा, नानी, दूरू…
दोन गावं एकाच बटणावर
टेकत होती, उठत होती.

दोघं थांबले ते एकाच क्षणी.
एकशे एकेचाळीस.

शुयुन आधी ओशाळली, मग हसतच सुटली,
हसता हसता मूठभर बटणं वरून टाकली.
दहा असतील, बारा असतील,
ती कुणी मोजली नाहीत.

मग झुमानाने एक उचलून, नुसत्या भुवईने विचारलं:
हे काय?
बाजारातलं नाव तिच्या जिभेवर होतं.
ते मागे सारून तिने आईचं सांगितलं.
कोपऱ्यात मोबाइल बघत बसलेल्या लेकीने मान वर केली.
आई काय म्हणाली, तिला समजलं नाही.

तो शब्द मी इथे लिहिला असता,
पण देवनागरीत बसत नाही.
मधला स्वर नाकापर्यंत जातो
आणि काहीतरी विसरल्यासारखा घशात परत येतो.
(आपल्याकडेही गुंडी होतीच की.
कुठल्याशा गलबतातून बटण उतरलं,
गुंडी अंगरख्यांबरोबर पेटीत गेली.)

बामाकोत, शिंप्यांच्या गल्लीत,
मावसभाऊ आता हाताखालच्या पोराला ओरडतो,
निळ्या झग्याला चार ती लाव,
आणि ‘ती’च्या जागी तो शब्द म्हणतो,
जरासा चेपलेला, सुईच्या नेढ्यातून ओढल्यासारखा,
पण तोच.
कुठली भाषा, कुणाची, त्याला काय ठाऊक.
त्याच्या लेखी ते एका जातीच्या बटणाचं नाव.

पोरगा डबा हलवून बघतो.
संपली, म्हणतो.
झुमाना जाईल तेव्हा.