नातं : वडील

रात्री पावणेदोनला, सीपीआरच्या अपघात विभागात
डॉक्टरनं कागद पुढं केला.
पोरगी स्ट्रेचरवर, ओठ राखेसारखे,
तिची ओढणी माझ्याच मुठीत राहिलेली.
"नळी फुटलीय, आत रक्त साठतंय.
तुम्ही तिचे कोण?"

मी तिचा घरमालक.
कसबा बावडा, वरची खोली, लाईट बिल वेगळं.
हे खरं होतं,
आणि फॉर्मवर खऱ्याला रकाना नव्हता.
रिक्षात शुद्ध जाण्याआधी ती एवढंच म्हणाली,
"बाबांना नको, चोपडे काका."

चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढली.
व्हर्नियर लावल्याशिवाय कुणाला हो म्हटलं नाही.
गरम जॉब मोजू नये, तो फसवतो;
निवू द्यावा, मग माप घ्यावं.
इथं निवायला वेळ नव्हता.
निवली असती ती पोरगी.

भाड्याच्या वहीतलं नाव आठवलं.
नातं : वडील.
सही : सिद्राम रेडेकर.
मिशन शाळेत घोटलेल्या वळणदार अक्षरात
मी दुसऱ्या माणसाचं नाव लिहिलं,
आणि हात कापला नाही.

बाकावर बसलो. प्रार्थना येईना.
शब्बाथाला खड्ड्यात पडलेल्या मेंढराचा धडा
मी रविवारच्या शाळेत पोरांना शिकवतो.
वर काढताना वार विचारायचा नाही, म्हणतो.
पोरं माना डोलावतात.
पण मेंढराचा धनी सकाळी येतो
आणि त्याच्याशी काय बोलायचं,
हे त्या धड्यात नाही.

साडेचारला फोन मीच केला.
तिनं नको म्हटलं होतं, तरी मीच.

आजऱ्याहून पहिल्या गाडीनं तो आला,
पायांत कापशी, कडेला चिखल वाळलेला,
पिशवीत पोरीसाठी घनसाळ तांदूळ.
"काय झालतं वो?"
"अपेंडिक्स," मी म्हणालो.

पहिलं खोटं प्रेमानं केलं,
हे मी कुणापुढंही सांगेन.
दुसऱ्यात प्रेम किती, भीती किती,
तिची लाज किती आणि माझी किती,
ते मोजायला माझ्याकडं हत्यार नाही.

सिस्टरनं फाईल उघडली, आणखी एक सही हवी होती.
त्यानं आदला कागद बघितला,
बोटानं अक्षरं चाचपली,
जशी म्हशीची पाठ चाचपावी.
"ही माजी सही?"
"व्हय," सिस्टर म्हणाली.
"लई झ्याक हाय," तो म्हणाला.
"मी आंगठा उठिवतो."

मग माझ्याकडं न बघता,
शाईचं बोट धोतराला पुसत,
"बरं केलासा.
पर तितं मी असाया पायजे हुतो."
यावर उत्तर नव्हतं. अजून नाही.

पाळक साहेबांना सगळं सांगितलं.
ते म्हणाले, आज्ञेला एकदा भोक पाडलं
की प्रत्येक जण आपला बोल्ट घेऊन येईल.
मी म्हटलं, साहेब,
भोक पाडल्याशिवाय बोल्ट बसतच नाही.
तेवढं बोलून बाहेर पडलो आणि पायरीवर आठवलं,
एकदा सूतभर चुकलो होतो,
तर अख्खं कास्टिंग भंगारात गेलं होतं.
परत आत जाऊन हे सांगायला हवं होतं.
गेलो नाही.

रविवारी आज्ञा वाचायची पाळी माझीच.
आठवीपर्यंत सुरळीत गेलो.
नवव्या आज्ञेत एक शब्द आहे, विरुद्ध.
आयुष्यभर त्याच्यावरून गाडी नेली,
कधी धक्का लागला नाही.
शेजाऱ्याविरुद्ध.
आणि शेजाऱ्याच्या बाजूनं दिली तर?
आणि शेजारी दोन असतील तर,
एक आत टेबलावर,
एक अजून आजऱ्यात झोपलेला?

मी तिथंच थांबलो.
मंडळीला वाटलं, वय झालं, चष्मा बदलायला हवा.
पहिल्या बाकावरून हन्ना उठली,
पर्समधून खडीसाखरेचा खडा काढला,
माझ्या तळहातावर ठेवला
आणि जागेवर जाऊन बसली.

खडा तोंडात धरूनच
मी दहावी वाचली.